काट्यांचा मुगुट आणि माझी एक्सेल शीट

आजचं वाचन: मत्तय ६:१-४ आणि मत्तय २७:२७-३१



येत्या बुधवारी भस्म बुधवार, म्हणजे लेंट सुरू. दरवर्षी या आठवड्यात कोणीतरी हमखास विचारतं, "या वर्षी काय सोडू? चहा की इन्स्टाग्राम?" सोडा की, दोन्ही सोडा. पण आज मला सोडण्याबद्दल नाही, एक वस्तू बनवण्याबद्दल लिहायचंय. आणि ते आज शनिवारीच लिहायला हवं, कारण ती वाळायला चार दिवस लागतात.

वस्तू साधी आहे. मिठाच्या कणकेचा मुगुट आणि त्याला टूथपिकचे काटे. पाश्चात्त्य देशांतल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत मुलांना घेऊन हा करतात. लेंटमध्ये कोणासाठी काही चांगलं केलं, स्वतःचा हट्ट सोडला, की एक काटा काढायचा. ईस्टरला मुगुट बिनकाट्यांचा.

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि साधारण पाऊण वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नका, लागेल तसं घाला. पुरीच्या पिठाइतकं घट्ट हवं. दहा मिनिटं नीट मळा, नाहीतर वाळताना भेगा पडतात. (गेल्या वर्षी आई म्हणाली, "खायचं पीठ खेळायला?" तिचं बरोबर होतं. म्हणून आता मी डब्याच्या तळाचं, पोरकिडे झालेलं पीठ चाळून घेतो. कणीकही चालते, रंग उलट जास्त चांगला येतो.) मग दीड-दीड फुटाच्या तीन वळ्या करून त्यांची तिपेडी वेणी घाला आणि पालथ्या वाटीभोवती फिरवून टोकं पाण्याच्या बोटाने जोडा. टूथपिक वेगवेगळ्या दिशांनी, पण अर्धा इंचच आत खोचा.

पुण्यात फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात हे छान वाळतं, फक्त रोज उलटत राहा. मुंबई-वसईकडे हवेत ओल असते आणि मीठ ती ओढून घेतं, त्यामुळे ओव्हन असेल तर १०० अंशांवर अडीच-तीन तास ठेवलेलं बरं. घरात कुत्रा असेल तर मुगुट उंचावर ठेवा, एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं. आणि उन्हात वाळवताना प्रत्येक टूथपिक रोज एकदा जागच्या जागी गोल फिरवा. हे विसरू नका. का ते पुढे सांगतो.

लेवीय २:१३ मध्ये अन्नार्पणाबद्दल नियम आहे की त्यात मीठ असलंच पाहिजे. पीठ आणि मीठ एकत्र मळताना मला ते आठवतं. उगाच संबंध जोडत नाहीये, हात कामात असले की वचनं आपोआप आठवतात.

आता मुगुटाकडे येऊ. मत्तय, मार्क आणि योहान तिघेही त्याचा उल्लेख करतात, लूक करत नाही. मत्तय २७:२९ वाचताना आपण पटकन पुढे जातो, पण तिथे शिपायांनी तो मुगुट गुंफला असं लिहिलंय. म्हणजे तोही हाताने बनवलेलाच होता. कोणीतरी काटेरी फांद्या तोडल्या असतील, स्वतःला टोचू नये म्हणून जपून धरल्या असतील, वाकवल्या असतील. कारागिरीच ती, पण थट्टेसाठी केलेली. तो कोणत्या झाडाचा होता याबद्दल जी नावं घेतली जातात त्यांत एक झाड आपल्या बोरीच्या कुळातलं आहे. गावाकडे बोरं काढताना ज्याचा हात ओरबाडला असेल त्याला वेगळं सांगायला नको. (सोसायटीच्या कुंड्यांत 'क्राउन ऑफ थॉर्न्स' म्हणून लाल फुलांचं रोप असतं ते मात्र नव्हे. ते मूळचं मादागास्करचं.) काटे बायबलमध्ये पहिल्यांदा येतात ते उत्पत्ती ३:१८ मध्ये, आदामाच्या पापामुळे शापित झालेल्या जमिनीत. तेच इथे प्रभूच्या डोक्यावर ठेवले जातात.

पॅरिसच्या नोत्र दाममध्ये एक मुगुट जपलेला आहे. राजा नववा लुई याने तो १२३९ मध्ये फ्रान्समध्ये आणला आणि १५ एप्रिल २०१९ च्या आगीतून तो वाचवला गेला. तोच खरा का, या वादात मला पडायचं नाही. पण आज ते नुसतं गवती काड्यांचं कडं आहे, त्यात एकही काटा नाही. परंपरा सांगते की शतकानुशतकं त्याचे काटे एकेक करून राजांना आणि चर्चना दिले गेले.

आता गेल्या वर्षीचं सांगतो.

लेंटचे दिवस चाळीस, भस्म बुधवार ते ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६, त्यातून सहा रविवार वजा. मी मोजून ४० टूथपिक लावल्या. इंजिनिअर माणूस, फ्रिजवर तक्ताही चिकटवला, ऑफिसात स्प्रिंटचा असतो तसा. वॉचमनकाकांना चहा दिला, एक काटा. पार्किंगवरून भांडलो नाही, एक काटा. दर रविवारी व्हॉट्सॲप स्टेटसवर फोटो. दुसऱ्या आठवड्यात आम्ही प्लॅनच्या पाच काटे पुढे होतो आणि मला खरंच बरं वाटत होतं. सहा वर्षांची लेक म्हणाली, "पप्पा, उद्याचा आजच काढू? मग उद्या चांगलं वागायला नको." मी हसलो. आणि रात्री मत्तय ६ उघडला, भस्म बुधवारी बहुतेक चर्चमध्ये वाचतात तोच अध्याय. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं प्रभू सांगतो, आणि माझा डावा हात तक्ता भरत होता.

पण मोठी गोष्ट वेगळीच. एका टूथपिकचं टोक मी पहिल्याच दिवशी लाल रंगवलं होतं. ती दादाची.

पप्पांच्या शेवटच्या आजारपणात सगळा खर्च मी एका एक्सेल शीटमध्ये लिहीत गेलो. तारीख, कशासाठी, कोणी दिले. पप्पा गेल्यावर महिन्याभराने ती शीट घरच्या ग्रुपवर टाकली. मनात म्हटलं, पारदर्शकता. दादाच्या नावासमोर जेमतेम चार आकडे होते. त्याने "ठीक आहे" एवढंच लिहिलं आणि तेव्हापासून फोन येतो तो वहिनीचा. त्या शीटमध्ये काय नव्हतं ते मला फार उशिरा दिसलं. पप्पा दवाखान्यात होते त्या २३ रात्री दादा वॉर्डबाहेर फरशीवर चादर टाकून झोपला. मी शनिवार-रविवार यायचो, बिल भरायचो आणि परत जायचो. त्या रात्रींसाठी मी रकानाच केला नव्हता.

१ करिंथ १३:५ मध्ये पौल प्रीतीबद्दल बोलताना वाईटाचा हिशेब ठेवण्याविषयी जो ग्रीक शब्द वापरतो, तो खरोखरच जमाखर्चातला आहे. नोंद करणं, खात्यावर मांडणं. हे मी तरुण संघात शिकवलंय. दोनदा.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी मुगुटात तो एकच काटा राहिला होता. मी दादाला फोन केला. "जेवलास का?" त्याने विचारलं. लेकीची परीक्षा, विहिरीचं पाणी, आंब्याचा मोहोर. तीन मिनिटं. शीटचं नाव मी काढलंच नाही. फोन ठेवून लाल टूथपिक ओढली तर ती मोडली, अर्धी आतच. वाळताना मी काटे फिरवलेच नव्हते. जुलैत पावसाळी हवेने मुगुट मऊ पडला आणि ओल्या कचऱ्यात गेला.

यंदा मी काही गोष्टी बदलल्यात. काटे न मोजता खोचायचे. तक्ता नाही, फोटो नाही. काढलेले काटे झाकणाच्या डब्यात टाकायचे आणि कोणी कधी का काढला हे कोणी कोणाला विचारायचं नाही, लेकीलासुद्धा. तुम्हीही असंच करून बघा. मुलं लहान असतील तर "आज कोणाला बरं वाटलं?" एवढं विचारायला हरकत नाही, "किती झाले?" नको. (हे सगळं जाहीरपणे लिहिणं म्हणजे पुन्हा स्टेटस टाकणंच, ते मलाही दिसतंय. पण चूक ग्रुपवर केली होती, तेव्हा कबुली अगदीच गुपचूप नको असं वाटलं.)

मुगुट मी अजून केलेला नाही. पीठ आणि मीठ बॅगेत घेतलंय. तुम्ही हे वाचाल तेव्हा मी शिरूरच्या पुढे, गावाकडे जाणाऱ्या एसटीत असेन. दादाला येतोय एवढंच कळवलंय, कशासाठी ते नाही. बांधावर बोर आहे, टूथपिक लागणार नाहीत. शीट फोनमधून पुसलेली नाही. ती त्याच्यासमोर उघडून त्या २३ रात्रींबद्दल बोलायचंय, मग तो म्हणेल तसं.

प्रार्थना: प्रभू येशू, तुझ्यासाठी काटे गुंफणाऱ्या हातांनाही तू क्षमा मागितलीस. आज मला दादासमोर तोंड उघडायला धीर दे. तो गप्प राहिला तर मलाही त्याच्याजवळ गप्प बसता येऊ दे. आमेन.