शाळेतील भोजन : मापे व त्यांचे मर्म

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत भात हे मुख्य अन्न होय. भाताने पोट भरते. तथापि पोट भरणे व शरीराचे पोषण होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. शालेय भोजनाची मापे ठरविताना हा भेद ध्यानी घेतलेला आहे.

ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सुरू झाली. आरंभी महाराष्ट्रात मुलास दरमहा ३ किलो तांदूळ घरी नेण्यास मिळे. तो साऱ्या कुटुंबात वाटला जाई. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळेतच शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे भोजन मुलाचा हक्क ठरले.

इयत्ता पहिली ते पाचवीच्या मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम व तेल ५ ग्रॅम असे माप आहे. त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. पैकी सुमारे ७ ग्रॅम प्रथिने तांदळातून, साडेचार डाळीतून व उरलेली भाजीतून मिळतात.

समजा, ४० मुले उपस्थित आहेत. डाळ ८०० ग्रॅम लागेल. ती ४०० ग्रॅमच घालून पाणी वाढविले, तरी मुले भात तितकाच खातील व तृप्त होऊन उठतील. परंतु प्रत्येकाची प्रथिने सव्वादोन ग्रॅमनी घटतील. ही उणीव ताटाकडे पाहून ओळखू येत नाही. वजन व उंचीच्या नोंदीत ती कालांतराने उमटते. म्हणून डाळ अंदाजाने न घेता वजन करूनच द्यावी, आणि वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखून पाहावे.

स्थानिक पदार्थांचाही उपयोग करावा. अलिबागकडील कडव्या वालांना मोड आणून, ते सोलून व नीट शिजवून केलेले बिरडे मुले आवडीने खातात. परसबागेतील शेवग्याचा पाला वरणात घालता येतो.

नोंदवहीत प्रत्यक्ष जेवलेल्या मुलांचीच संख्या लिहावी. पालकांसोबत वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी मुलाच्या नावे ताट लिहिले, तर त्याची गैरहजेरी झाकली जाते व त्याचा शोध कोणी घेत नाही. खरी नोंद असल्यास कोणाच्या घरी जावयाचे, हे शिक्षकास त्याच दिवशी कळते.