वेबसाइट तपासण्याचे भिंग : ब्राउझरचे अॅड-ऑन आणि त्यांची पारख

कापडाचा ताका हाती आला की जाणता व्यापारी आधी तो उजेडात धरतो, मग भिंग लावून एका इंचात ताण्याचे व बाण्याचे धागे किती आहेत ते मोजतो. विणणारा कितीही ओळखीचा असो, ही तपासणी चुकत नाही. परंतु हाच व्यापारी दुकानाची वेबसाइट करून घेतो तेव्हा पडद्यावर रंगीत चित्रे दिसताच समाधान मानतो आणि बिल चुकते करतो. आम्हीही हेच केले. पुढे बाहेरगावच्या ग्राहकांच्या तक्रारी येऊ लागल्या. मोबाइलवर साइट उघडायला वेळ लागतो, भाव नीट वाचता येत नाही. तेव्हा आमच्या भाच्याने आम्हाला या धंद्यातले भिंग दाखविले. तेच आज वाचक बंधूंपुढे ठेवीत आहोत.

क्रोम, फायरफॉक्स अशा ज्या प्रोग्राममधून आपण वेबसाइट पाहतो त्याला ब्राउझर म्हणतात. त्याला जोडता येणारा छोटा प्रोग्राम म्हणजे अॅड-ऑन. क्रोममध्ये त्यालाच एक्स्टेन्शन म्हणतात. शिलाई मशीनला वेगळा फूट लावला की वेगळे काम होते, तसेच हे आहे. खाली दिलेली साधने वेबसाइट बनविणारे लोक रोज वापरतात. ती विनामूल्य मिळतात आणि संगणकावर साइट बनवून घेणाऱ्यालाही वापरता येतात.

कोणते साधन कोणत्या कामाचे?

पहिले साधन 'वेब डेव्हलपर'. ते क्रिस पेडरिक यांनी तयार केले. त्यातील चित्रांच्या यादीत प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी व वजन पानावरच दाखविण्याची सोय आहे. आमच्या साइटवर साड्यांचे फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढविले होते. एकेक फोटो ४ एमबीचा आणि पानावर त्याची जागा जेमतेम हाताच्या तळव्याएवढी! ग्राहकाचा मोबाइल उगाच हे ओझे वाहत होता. ज्या चित्रांना वर्णनाचा मजकूर जोडलेला नाही, त्यांच्याभोवतीही हे साधन चौकट काढते. हा मजकूर अंध व्यक्तीला यंत्र वाचून दाखविते, म्हणून तो असणे आवश्यक आहे. तेच पान लहान-मोठ्या पडद्यांवर कसे दिसेल, हेही येथे एकत्र पाहता येते.

दुसरे साधन 'वेव्ह'. ते अमेरिकेतील यूटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या 'वेबएम' या संस्थेतून आले आहे. पानावर कुठे दोष आहे तेथे ते खूण करते. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक जागतिक नियमाप्रमाणे साध्या अक्षरांसाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ असावा लागतो. आमच्या साइटवर मलईरंगावर सोनेरी अक्षरे होती. जरीच्या काठावर जे शोभते ते भावाच्या यादीत दिसेना. वेव्हने ती सर्व अक्षरे दोषात काढली.

तिसरे साधन 'कलरझिला'. त्याचा ड्रॉपर पडद्यावरील कोणत्याही ठिपक्यावर ठेवला की त्या रंगाचा ६ चिन्हांचा सांकेतिक क्रमांक मिळतो. डिझायनरला "थोडा गडद मरून" असे सांगण्यापेक्षा हा क्रमांक द्यावा, म्हणजे वाद राहत नाही. मात्र प्रत्येक मोबाइलचा पडदा रंग थोडा वेगळा दाखवितो, हे ग्राहकाला साइटवरच लिहून कळवावे.

अक्षराचा टाइप ओळखण्यासाठी 'व्हॉटफॉन्ट' आहे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, त्यामुळे साइटचे एक पान उर्दूत असावे असा आमचा आग्रह होता. डेव्हलपरच्या संगणकावर ते सुरेख नस्तालिकमध्ये दिसे. ग्राहकाच्या मोबाइलवर मात्र नस्ख उमटे. कारण टाइप त्याच्या संगणकात होता, साइटसोबत पाठविलेला नव्हता. 'नोटो नस्तालिक उर्दू' हा मोफत टाइप साइटला जोडल्यावर अडचण मिटली.

काही साधने आता वेगळी घ्यावी लागत नाहीत. २००६ मध्ये आलेले 'फायरबग' हे फायरफॉक्सचे अॅड-ऑन फार गाजले. पानाची आतली वीण उसवून पाहण्याची त्याची पद्धत पुढे ब्राउझरांतच आली आणि २०१७ मध्ये फायरबगचे काम थांबले. आज एफ-१२ हे बटण दाबले की ती सोय समोर येते. क्रोममध्ये तेथेच 'लाइटहाउस' आहे. ते साइटच्या वेगाला १०० पैकी गुण देते. ९० च्या वर हिरवा, ५० च्या खाली लाल. ही परीक्षा गुप्त खिडकीत घ्यावी, कारण इतर अॅड-ऑन चालू असले तर गुणांत फरक पडतो.

भिंगाचीही पारख करा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अॅड-ऑन जोडताना पुष्कळदा ब्राउझर विचारतो, "सर्व वेबसाइटवरील तुमची माहिती वाचण्याची व बदलण्याची परवानगी द्यायची काय?" आपण न वाचता होकार देतो. म्हणजे भिंग विकणाऱ्याच्या हाती तिजोरीची किल्ली दिली!

ऑगस्ट २०१७ मध्ये वर सांगितलेल्या 'वेब डेव्हलपर' बाबतच घडलेला प्रकार ध्यानात ठेवावा. पेडरिक यांना फसवा ई-मेल आला, त्यांनी त्यात पासवर्ड भरला आणि चोरांनी क्रोमसाठीची बिघडविलेली आवृत्ती पाठविली. दहा लाखांहून अधिक वापरकर्ते असलेले हे साधन लोकांच्या पानांत जाहिराती घुसवू लागले. पेडरिक यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली व काही तासांत दुरुस्त आवृत्ती दिली. बनविणारा प्रामाणिक होता, तरी अमानतीत खयानत झाली. दुसऱ्या एका प्रकारात मालकच बदलला. 'द ग्रेट सस्पेंडर' हे अॅड-ऑन २०२० मध्ये दुसऱ्याला विकले गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक ठरवून गूगलने ते बंद केले.

म्हणून आम्ही चार नियम पाळतो. तपासणीसाठी ब्राउझरमध्ये वेगळे प्रोफाइल ठेवतो. त्यात बँक किंवा जीएसटीचे काम कधीच करीत नाही. क्रोममध्ये अॅड-ऑनला "क्लिक केल्यावरच" एवढीच परवानगी देतो. काम संपलेले अॅड-ऑन काढून टाकतो. आणि पासवर्ड मागणाऱ्या ई-मेलमधील दुव्यावर बोट ठेवीत नाही.

वेबसाइटचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी डेव्हलपरला शेजारी बसवून ही तपासणी करावी. चांगल्या कारागिराला तिचा राग येत नाही. आमच्या डेव्हलपरने दोष मान्य केले, फोटो हलके केले, अक्षरे गडद केली. आता पुढचे कामही आम्ही त्यालाच दिले आहे.