ताडीला चूल लागत नाही, मग मोहाला का?

प्रश्न : ताडी सकाळी गोड असते आणि दुपारपर्यंत आपोआप चढू लागते. मोहाच्या दारूला मात्र भट्टी लावावी लागते. असे का? ऊर्ध्वपातनाने पदार्थ शुद्ध होतो असे शाळेत शिकलो. मग दारूने माणसे दगावतात कशी?
– एक वाचक, आगर (ता. डहाणू)

उत्तर : नशा आणणारे अल्कोहोल चुलीवर तयार होतच नाही. साखर खाऊन ते तयार करतात यीस्ट हे सूक्ष्मजीव. ताडाच्या रसात साखर असते, यीस्ट हवेतून आणि मडक्यातून येते. ऊन चढले की रस फसफसू लागतो. नीरा गोड राहावी म्हणून मडक्याला आतून चुना लावतात, तो हे आंबणे रोखण्यासाठी. तुमच्या जवळच बोर्डीला होणारी चिकूची वाइनही आंबवलेलीच असते.

मोहाचेही तेच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ती वेचून वाळवली की मनुकांसारखी तपकिरी, चिकट होतात. वाळल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. पाण्यात भिजत घातली की काही दिवस बुडबुडे येत राहतात. बुडबुडे थांबले की अल्कोहोल तयार झाले! पण ते शंभरात जेमतेम सात-आठ भाग. बाकी पाणी, चोथा आणि आंबटपणा. ताडी आहे तशी पिता येते, हा फुलांचा राडा पिववत नाही. त्यातले अल्कोहोल वर काढायला चूल लागते.

जुन्या पद्धतीची मांडणी बघा. खाली आंबवणाचे मडके, त्यावर बुडाला भोके पाडलेले दुसरे मडके, त्याच्या आत एक लहान भांडे आणि सर्वांत वर थंड पाण्याचे पातेले. सांधे मातीने लिंपलेले. वाफ वर जाते, पातेल्याच्या गार बुडाला लागून तिचे थेंब होतात आणि ते आतल्या भांड्यात टपकतात. वरचे पाणी कोमट झाले की बदलायचे, नाहीतर वाफ निसटते. वाफ करणे आणि ती पुन्हा थंड करणे, ऊर्ध्वपातन म्हणजे एवढेच.

अल्कोहोल ७८ अंशांना उकळते आणि पाणी १०० ला, म्हणून आधी फक्त अल्कोहोल येते, असे बरेच जण समजतात. तसे होत नाही. आंबवण उकळते ते ९० अंशांच्या पुढे, आणि वाफेत दोन्ही असतात; फक्त अल्कोहोलचा वाटा कितीतरी जास्त. सुरुवातीच्या वाफेत तो चाळीस टक्क्यांच्या वर जातो, मग घटत जातो. म्हणून पहिली धार कडक आणि शेवटची पाणचट. गोव्यात काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या खेपेची सौम्य दारू म्हणजे उर्राक. ती पुन्हा भट्टीवर चढवली की फेणी.

इतकी साधी मांडणी रानात कुठेही लागते. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरच्या भट्ट्या बेकायदा ठरल्या, तरी त्या थांबेनात. मग १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत सरकारने थेट मोहाच्या फुलांवरच बंधने घातली. टंचाईच्या दिवसांत हीच फुले आदिवासींचे अन्न होती. तो अन्यायच होता, असे माझे स्पष्ट मत आहे. आज विनापरवाना दारू गाळणे गुन्हाच आहे.

आता विषाकडे. ऊर्ध्वपातन निवड करते ती उकळण्याच्या तापमानावरून, विषारी काय आणि बिनविषारी काय हे त्याला कळत नाही. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे भांड्यात असेल तर तेही वाफेबरोबर वर येते. पहिली धार फेकली तरी ते पुरते निघत नाही. फुलांच्या आंबवणात ते अगदी थोडे असते. मोठा घात होतो तो कारखान्यातले मिथेनॉल दारूत मिसळल्याने, किंवा दारूच्या जागी तेच विकल्याने. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मिथेनॉलनेच गेली. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्यांच्या नसा जाळते. वासावरून ते ओळखता येत नाही.

दारू प्यायल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, कोणाला अंधुक दिसू लागले, पोटात कळा आल्या, धाप लागली, तर ती उतरण्याची वाट पाहू नका. ताबडतोब रुग्णालयात न्या आणि काय प्यायले ते डॉक्टरांना खरे सांगा. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.