परसातली करटोली

पाऊस पडला की रानात करटोलीचे वेल चढतात. विदर्भात हिलाच काटवल म्हणतात. भाजी फार चवदार, बाजारात भावही चांगला. मग रोज रानात कशाला हिंडायचे?

आमच्या शेजारच्या काकूंनी रानातून दोन कंद आणून कुंपणाशी पुरले. एका वेलाला फळे धरली. दुसऱ्याला नुसती फुले! "मेला भाकड वेल, जागा अडवून बसलाय," म्हणत काकूंनी तो उपटला. झाले! पहिल्या वेलाची इवली फळेही पिवळी पडून गळू लागली.

असे का झाले? करटोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. काकूंनी उपटला तो नर होता.

फूल नीट पाहा. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली बारीक काटेरी फळ दिसते. नर फुलाखाली नुसता देठ. ८ ते १० मादी वेलांना एक नर वेल पुरतो. फुले संध्याकाळी उमलतात. तेव्हा नर फूल तोडून मादी फुलात हलकेच टेकवा. पराग लागला की फळ धरते.

कंद पाहून मात्र नर-मादी कळत नाही. म्हणून पावसाळ्यातच रानात खुणेच्या काठ्या रोवा. मादीजवळ दोन, नराजवळ एक. हिवाळ्यात वेल वाळतो, पण कंद जमिनीत जिवंत असतो. उन्हाळ्यात थोडेच कंद खणून आणा. बाकीचे रानात राहू द्या.

काकूंनी यंदा नराचा कंद पुन्हा लावलाय. भोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण घातलेय, कोणी उपटू नये म्हणून!