गरम मोटारसायकल पुन्हा चालू होत नाही तेव्हा



गळीत हंगाम सुरू झाला की आपली धावपळ किती होते हे आम्ही सांगायला नको. तोडीच्या पाळीची चौकशी करायला गट कार्यालयात जायचे, मुकादमाला गाठायचे, ट्रॅक्टरवाल्याचा फोन लागला नाही की त्याच्या दारात जायचे, आणि रात्री लाईट आली की मोटार चालू करायला मळ्यात पळायचे. ही सारी कामे मोटारसायकलीवर. म्हणून या वेळी लागण आणि खते यांचा विषय बाजूला ठेवून गाडीच्या एका दुखण्याविषयी आम्ही लिहीत आहोत.

दुखणे सगळ्यांच्या ओळखीचे आहे. सकाळी गार गाडी एका किकेत चालू होते. पंधरा-वीस किलोमीटर झकास पळते. आपण चहाला पाच मिनिटे थांबतो, आणि परत किक मारावी तर गाडी दाद देत नाही. पाय भरून येतो, घाम निघतो. अर्ध्या तासाने गाडी गार झाली की जणू काही झालेच नाही अशी चालू होते.

आमच्या एका सभासदांच्या गाडीचे असेच झाले. ऊस तोडून पडलेला, टोळी ट्रॉलीची वाट बघत बसलेली, आणि हे गृहस्थ ट्रॅक्टर आणायला निघाले ते वाटेतच अडकले. तोडलेला ऊस उन्हात पडला की वजन घटते, साखरही उतरते. शक्यतो चोवीस तासांच्या आत तो गाळला गेला पाहिजे. म्हणजे गाडीने खाल्लेला वेळ शेवटी आपल्याच काट्यावर दिसतो. महिन्याभरात असे तीनदा झाले. प्लग बदलला, मग कार्बोरेटर बदलला, मग पिस्टनच्या रिंगा टाकल्या. दुखणे जागेवरच. वैतागून त्यांनी गाडी मिळेल त्या भावाला द्यायची ठरवली होती. शेवटी ते आमच्या वर्कशॉपला आले, आणि योगाने गाडी दारातच गरम होऊन बंद पडली. पाहिले तर प्लगला करंट नव्हता. इग्निशन कॉइल गेलेली होती. तिची किंमत आधीच्या खर्चापुढे किरकोळ होती.

यात मेकॅनिकचा दोष किती? त्याच्याकडे गाडी दर वेळी गार होऊन जात होती, आणि गार गाडीत दोष दिसतच नव्हता. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, असे झाले. म्हणून आजच्या लेखाचे सार एवढेच: गरम गाडीचा दोष गाडी गरम असतानाच शोधायचा. ती बंद पडल्यानंतरची पहिली पाच-दहा मिनिटे सोन्याची. ती नुसत्या किका मारण्यात घालवू नका.

गरम झाल्यावरच असे का होते?

गाडी पळत असते तेव्हा वारा इंजिनाच्या पात्यांवरून वाहतो. गाडी उभी केली की वारा थांबतो, पण आतली उष्णता थांबत नाही; ती वर आणि मागे चढते. त्यामुळे उभ्या गाडीचा कार्बोरेटर आणि कॉइल थोडा वेळ चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतात. या तापण्याचे तीन परिणाम होतात.

एक, करंट. कॉइलमध्ये केसासारखी बारीक तांब्याची तार असते. तिच्यावरचा लेप जुना झाला की गरमीत करंट आतल्या आत उतरतो. कुठे तार तुटलेली असेल तर गरमीत ती टोके लांबतात आणि गार झाली की पुन्हा चिकटतात. म्हणून गार कॉइल मीटरवर चांगली दिसते आणि आपण फसतो. मॅग्नेटमधली पल्सर कॉइल, सीडीआय, आणि जुन्या पॉइंटच्या गाड्यांतला कंडेन्सर हेही असेच गरमीत दगा देतात.

दोन, पेट्रोल. पेट्रोलचा हलका भाग 40 अंशांच्या आसपासच उकळू लागतो. कार्बोरेटर तापला की पेट्रोल फुगून इंजिनात उतरते आणि गाडी ओव्हर होते. उलट, नळी तापलेल्या इंजिनाला चिकटलेली असेल तर नळीतच वाफ धरते आणि पेट्रोल खाली येत नाही. टाकीच्या झाकणाचे बारीक भोक धुळीने बुजले असेल तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल अडते. आपल्या शिवारातल्या रस्त्यांवर हा दोष बराच आढळतो.

तीन, दाब. टॅपेट फार घट्ट असेल तर व्हॉल्व्हची दांडी तापून लांबते आणि व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. कॉम्प्रेशन निघून जाते. टॅपेटचा आवाज नको म्हणून घट्ट करून घेणारे पुष्कळ आहेत. थोडा टकटक आवाज परवडला, पण घट्ट टॅपेट नको. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत टॅपेट नसते. तिथे क्रँकचे तेल-सील कडक होऊन गरमीत हवा ओढते.

वाटेत करायची तपासणी

तपासणी या क्रमानेच करावी.

1) आधी साधे बघा. चावी, हँडलवरचे बंद करण्याचे बटण, पेट्रोलचा कॉक, टाकीतले पेट्रोल. हसू नका, यातच पुष्कळ गाड्या सापडतात.

2) किक हाताने हळू दाबून बघा. नेहमीसारखी अडते का? एकदम हलकी, पोकळ लागली तर दाब जातो आहे. घरी गेल्यावर गार इंजिनावर टॅपेट बघून घ्या.

3) टाकीचे झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि मिनिटाभराने गाडी चालू झाली, तर दोष झाकणाच्या भोकाचा. झाकण साफ करा, काम संपले.

4) करंट बघा. जवळचा जादा प्लग कॅपमध्ये बसवा आणि त्याचे लोखंड इंजिनाच्या उघड्या धातूला नीट टेकवा. जुना प्लग जागेवरच राहू द्या. तापलेल्या हेडमधून प्लग ओढला तर आटे जातात, आणि उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येते ती वेगळीच. प्लग उघड्या हाताने धरू नका, झटका बसतो. किक मारा. निळी, कडकडीत ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळी, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर दोष करंटचाच. मग चावी बंद करून टाकीखालच्या कॉइलवर ओले पण पिळलेले फडके पाच मिनिटे ठेवा. फडके काढून, कॉइल पुसून पुन्हा बघा. इंजिन अजून गरम असताना ठिणगी परतली, तर कॉइल बदला. नाही परतली, तर पल्सर कॉइल, सीडीआय किंवा कंडेन्सर तपासायला सांगा.

5) करंट ठीक असेल तर कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू थोडा सैल करून पेट्रोल बाटलीत घ्या. चावी बंद ठेवा, तापलेल्या सायलेन्सरवर थेंब पडू देऊ नका, आणि जवळ विडी-काडी नको. धार थांबली तर पेट्रोल येत नाही: नळी, कॉक आणि गाळणी बघा. धार चालू राहिली तर गाडी ओव्हर झाली असेल. स्क्रू घट्ट करा, कॉक बंद करा, चोक पूर्ण काढा, एक्सलेटर पूर्ण पिळून पाच-सहा किका मारा. अशी चालू झाली तर फ्लोटची नीडल गळते का ते बघून घ्या. गरम गाडीला चोक देऊ नये हेही यातच आले.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. पाती आणि हेड तडकू शकते. मग शंभराचे काम हजारांवर जाते.

नव्या गाड्यांबद्दल

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. तिथे वरची चौथी आणि पाचवी तपासणी करू नये. चावी लावल्यावर पंपाचा दोन सेकंद घूं असा आवाज येतो का ऐका, आणि इंजिनाचा दिवा गाडी चालू असताना पेटतो का बघा. गरम असताना आवाज येत नसेल तर तसे मेकॅनिकला सांगा. पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच गार राहतो. म्हणून टाकी तळाला नेऊ नका.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे. मात्र फार जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. त्या फुगतात, मऊ पडतात. तसेच टाकीत पाणी गेले तर इथेनॉल ते ओढून घेते आणि तळाशी वेगळे बसते. जुन्या गाडीची नळी बदलून घ्या आणि पावसाळ्यात टाकीचे झाकण नीट लागते का बघा.

गाडीत काय ठेवावे?

प्लग पाना, गॅप बघून घेतलेला एक जादा प्लग, स्क्रू ड्रायव्हर, फडके आणि एक लहान रिकामी बाटली. याशिवाय कागदाचा एक तुकडा. वाटेत काय दिसले ते त्यावर लिहा: करंट होता की नव्हता, पेट्रोल येत होते की नव्हते, किक हलकी होती की जड. मेकॅनिकला गाडीबरोबर तो कागद द्या. वैद्याला नाडी दाखवतो तशीच ही नाडी. मग तो अंदाजाने सामान बदलणार नाही आणि आपला पैसा वाचेल.

ज्या सभासदांची हकिकत वर सांगितली, त्यांनी गाडी विकली नाही. पुढच्या तोडीला त्याच गाडीवरून ते ट्रॅक्टर बोलवायला गेले, आणि ऊस वेळेत काट्यावर आला. आपलाही असाच यावा. वाचून झाल्यावर हा अंक गावातल्या गॅरेजवाल्याला जरूर दाखवावा, ही विनंती.