दह्यावाचून कोशिंबीर

दूध न पचणे वेगळे आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. दूध न पचणाऱ्याचे पोट फुगते, जुलाब होतात. पण थोडे दही पुष्कळांना सोसते. ॲलर्जीत मात्र दही, ताक, तूपसुद्धा वर्ज्य. चमचाभरानेही काहींच्या अंगावर गांधी उठतात, धाप लागते. तसे झाल्यास तडक रुग्णालय गाठावे.

माझ्याकडे जुन्नर-आंबेगावातून येणाऱ्या आया विचारतात, मग कोशिंबिरीत घालायचे काय? २ चमचे भाजलेल्या तिळाचे कूट, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ आणि ४ चमचे पाणी एकत्र घोटून काकडी व नारायणगावच्या टोमॅटोवर ओतावे. फोडणी तेलाची द्यावी, तुपाची नव्हे. तीळ सोसत नसल्यास ओले खोबरे वाटून घालावे. नाचणीच्या भाकरीतून कॅल्शियम मिळते. तरी मुलाचे दूध डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नये.