झाडे वाचवताना न्यायही हवा



जंगले टिकावीत असे आपल्या सर्वांनाच वाटते. पण जंगल राखण्याचे पैसे मिळू लागले, की ते कोणाला मिळावेत आणि निर्णय कोणी घ्यावा, हा प्रश्न उभा राहतो. ब्राझीलमधील एका आदिवासी समाजाच्या अनुभवातून आपण तो समजून घेऊ या.

झाडे हवेतील कार्बन शोषून घेतात. जंगल तोडले वा जाळले, की तो पुन्हा हवेत जातो आणि पृथ्वी तापते. म्हणून जंगल राखल्याने किती टन वायू हवेत जायचा वाचला, ह्याचा हिशेब करून ‘कार्बन क्रेडिट’ विकले जाते. कंपन्या आपल्या प्रदूषणाची भरपाई म्हणून ते विकत घेतात.

रोन्दोनिया भागातील पायतेर सुरुई लोकांचा बाहेरच्या जगाशी अधिकृत संपर्क आला तो १९६९ मध्ये. पाठोपाठ आलेल्या गोवरासारख्या रोगांनी त्यांच्यातील बहुसंख्य लोक दगावले. पुढे त्यांच्या सुमारे अडीच लाख हेक्टर जंगलात लाकूडतोडे घुसले. जंगल वाचवण्यासाठी आल्मिर सुरुई ह्या पुढाऱ्याने कार्बन प्रकल्प उभा केला. २०१३ मध्ये ‘नातुरा’ ह्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने १,२०,००० टनांचे क्रेडिट घेतले. प्रकल्पाचे जगभर कौतुक झाले.

पण समाजात मात्र फूट पडली. पैसा सर्वांपर्यंत पोहोचत नाही, आमच्या जगण्यावर बंधने येतात, अशी काही सुरुई पुढाऱ्यांची तक्रार होती. ब्राझीलच्या ख्रिस्तसभेशी संलग्न ‘सिमी’ ह्या आदिवासी मिशन मंडळाने ती लोकांपुढे आणली. ह्या विरोधामागे लाकूड व्यापाऱ्यांचे हितसंबंध आहेत, असे समर्थकांचे म्हणणे होते. पुढे हिरे व सोन्याच्या बेकायदा खाणी वाढल्या, झाडे तुटू लागली आणि २०१८ मध्ये प्रकल्प स्थगित झाला.

ह्यातून आपण काय शिकावे? पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. कार्बन क्रेडिटचा व्यापार हा नवा सट्टा ठरू शकतो आणि श्रीमंतांच्या चैनीला पळवाट मिळू शकते, ही पहिली (क्र. १७१). आदिवासींच्या भूमीवर मोठे प्रकल्प येतात तेव्हा चर्चेत त्यांनाच प्रमुख स्थान असावे, ही दुसरी (क्र. १४६).

सुरुईंच्या प्रकल्पाचा पुढारी त्यांच्यातलाच होता, तरीही वाद झाला. म्हणजे पुढाऱ्याची संमती ही सर्वांची संमती नव्हे. कुटुंबाकुटुंबाला विचारणे, हिशेब सर्वांसमोर मांडणे आणि विरोध करणाऱ्याचेही ऐकून घेणे, हा न्यायाचाच भाग आहे. आणि दुसऱ्याच्या जंगलासाठी पैसे मोजले, म्हणून आपली उधळपट्टी क्षम्य ठरत नाही.

कुटुंबात व समूहात चर्चेसाठी प्रश्न :
१) आपल्या गावात जमिनीविषयी वा पाण्याविषयी निर्णय होतात, तेव्हा कोणाला विचारायचे राहून जाते?
२) समूहाच्या पैशाचा हिशेब आपण सर्वांसमोर मांडतो का?
३) वीज, इंधन वा पाणी ह्यांपैकी कशाचा वापर आपण ह्या आठवड्यापासून कमी करू?